विश्लेषण : तुरुंगातून सुटलेली ‘बॉस’ प्रेक्षकांना का रुचली नाही?

पैसा गेला, पत गेली, तुरुंगवासही झाला. आता पुन्हा शून्यापासून सुरुवात. पडलेल्या उद्योजकाची ही गोष्ट हॉलिवूडच्या विनोदी चित्रपटांना कायम भुरळ घालत आली आहे. मेलिसा मॅकार्थीच्या ‘द बॉस’ने (२०१६) तीच गोष्ट सांगितली, पहिल्या आठवडाअखेरीस तिकीटबारीवर पहिला क्रमांकही मिळवला. तरीही चित्रपटगृहातून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांनी त्याला ‘सी प्लस’ दिले. असे का झाले? आणि असे शेरे, टक्के व तारे नेमके वाचायचे कसे?

चित्रपटाचे कथानक काय?

मिशेल डार्नेल ही अनाथालयात वाढलेली आणि दत्तक घेणाऱ्या कुटुंबांनी पुन:पुन्हा परत पाठवलेली मुलगी. पुढे ती अमेरिकेतील अतिश्रीमंत महिलांपैकी एक होते. स्टेडियम भरवून लोकांना श्रीमंतीचे धडे देते. मात्र इनसायडर ट्रेडिंगमध्ये, म्हणजे कंपनीची गोपनीय माहिती वापरून शेअर व्यवहार केल्याच्या प्रकरणात ती अडकते. तिची खबर देतो तिचा जुना प्रियकर आणि प्रतिस्पर्धी रेनॉल्ट (पीटर डिंकलेज). काही महिन्यांचा तुरुंगवास भोगून ती बाहेर येते तेव्हा सारी मालमत्ता जप्त झालेली असते. मग ती जिला आयुष्यभर राबवून घेतले त्या सहायक क्लेअरच्या (क्रिस्टन बेल) छोट्याशा घरात मुक्काम ठोकते.

क्लेअरची मुलगी शाळकरी मुलींच्या एका पथकात कुकीज विकत असते. अमेरिकेत खऱ्या ‘गर्ल स्काऊट्स’ दरवर्षी सुमारे २० कोटी पाकिटे विकतात. चित्रपटातले पथक त्याच धर्तीवरचे, पण काल्पनिक. मिशेलला त्यात धंदा दिसतो. क्लेअरच्या हातच्या ब्राउनीज आणि मुलींना विक्रीतला वाटा, असा नवा उद्योग उभा राहतो.

आकडे काय सांगतात?

८ एप्रिल २०१६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने पहिल्या तीन दिवसांत सुमारे २.३६ कोटी डॉलर कमावले. तिसऱ्या आठवड्यात असलेल्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ला त्याने निसटते मागे टाकले. निर्मितीखर्च होता सुमारे २.९ कोटी डॉलर. मात्र अमेरिका-कॅनडातील एकूण कमाई ६.३ कोटींच्या आसपास थांबली. म्हणजे पहिल्या आठवडाअखेरीच्या साधारण २.७ पट. मॅकार्थीच्याच ‘स्पाय’ने (२०१५) २.९ कोटींवर सुरुवात करून ११ कोटींचा टप्पा गाठला होता, म्हणजे ३.८ पट.

हा गुणाकार महत्त्वाचा. पहिल्या आठवड्याची गर्दी जाहिरात आणि तारकेच्या नावावर येते. त्यानंतरची गर्दी मात्र बऱ्याच अंशी आधी पाहून आलेल्यांच्या सांगण्यावर येते. ‘द बॉस’ तोट्यात गेला असे म्हणता येणार नाही, पण ‘तू बघच’ असे एकमेकांना सांगणारे प्रेक्षक त्याला कमी मिळाले. दुसऱ्याच आठवड्यात समोर ‘द जंगल बुक’ येऊन ठाकला, हेही खरे.

‘सी प्लस’ म्हणजे पास की नापास?

‘सिनेमास्कोअर’ ही संस्था अमेरिका-कॅनडात प्रदर्शनाच्या पहिल्याच रात्री प्रेक्षकांच्या हाती मतपत्रिका देते. श्रेणी ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंत. शाळेच्या गुणपत्रिकेचा हिशेब लावला तर ‘सी प्लस’ काठावर पास वाटेल. तसे नाही. पहिल्याच रात्री तिकीट काढणारे बहुतेक आधीपासूनचे चाहते असतात, त्यामुळे श्रेणी मुळातच वरच्या बाजूला झुकलेल्या असतात. गर्दी खेचणाऱ्या विनोदी चित्रपटाला ‘ए’ किंवा ‘बी’ अपेक्षित असते. चाहत्यांकडूनच ‘सी प्लस’ येणे म्हणजे ‘आमची निराशा झाली’ असे सांगणे.

‘रॉटन टोमॅटोज’चे टक्के वेगळे काय सांगतात?

समीक्षकांपैकी ‘द बॉस’ आवडला असे म्हणणारे एक चतुर्थांशही नव्हते. इथे एक गल्लत नेहमी होते. हे टक्के म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत, तर अनुकूल परीक्षणांचे प्रमाण. समजा, दहा समीक्षकांनी एखाद्या चित्रपटाला दहापैकी सहा गुण दिले आणि ते सारे ‘अनुकूल’ धरले गेले, तर टक्के होतील १००. दुसऱ्या चित्रपटाला पाच जणांनी नऊ आणि पाच जणांनी चार गुण दिले, तर सरासरी साडेसहा, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त. पण टक्के मात्र ५०. पहिला चित्रपट सर्वांना ठीकठाक वाटणारा, दुसरा निम्म्यांना फार आवडणारा. विनोदाची आवड माणसागणिक बदलते, त्यामुळे विनोदी चित्रपटाबाबत हा फरक विशेष लक्षात ठेवायला हवा.

प्रेक्षकांना काय आवडले, काय खटकले?

आवडली ती मॅकार्थी. गळ्यापर्यंत चढलेली कॉलर, ताठ केस आणि कशालाही न शरमणारा स्वभाव असलेले हे पात्र तिने ‘द ग्राउंडलिंग्ज’ या लॉस एंजेलिसच्या नाट्यसंस्थेत बऱ्याच वर्षांपूर्वी घडवले होते. बेल आणि तिची जोडी, तसेच मुलींच्या दोन पथकांची भररस्त्यातली हाणामारी यांचीही दाद देणारे बरेच होते.

खटकण्याच्या बाबतीत तीन मुद्दे वारंवार आले. एक, लहान मुलींची गोष्ट असूनही भाषा इतकी शिवराळ की अमेरिकेत चित्रपटाला ‘आर’ प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे १७ वर्षांखालील मुलांना सोबत मोठे माणूस हवे. गोष्ट कुटुंबाची, पण कुटुंबाने एकत्र बसून बघण्याची सोय नाही. दोन, उत्तरार्धात उद्योगाची गोष्ट बाजूला पडते आणि रेनॉल्टकडून करारपत्र चोरण्याची मोहीम सुरू होते. तीन, मिशेल बदलते म्हणजे नेमकी काय बदलते, हे पटत नाही.

मग माफी कोणाला मिळते?

हा तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. ‘ट्रेडिंग प्लेसेस’मधला (१९८३) लुई विंथॉर्प आठवून बघा. तोही श्रीमंत, गर्विष्ठ आणि बदनाम झालेला. पण त्याला दोन म्हाताऱ्या दलालांनी पैजेखातर खोट्या प्रकरणात अडकवलेले असते. शेवटी तो आणि त्याचा जोडीदार संत्र्याच्या पिकाची गोपनीय सरकारी माहिती वापरूनच पैसा करतात, तरी प्रेक्षक टाळ्या वाजवतो. गंमत म्हणजे तसा व्यवहार रोखणारी तरतूद अमेरिकेत २०१० मध्ये आली आणि ती चित्रपटातल्या नटाच्या नावावरून ‘एडी मर्फी नियम’ म्हणूनच ओळखली जाते.

‘शिट्स क्रीक’ (२०१५-२०२०) या कॅनडातील मालिकेत जॉनी रोझ हा व्हिडिओ दुकानांच्या साखळीचा मालक कफल्लक होतो, तोही विश्वासू व्यवस्थापकाने कर न भरल्यामुळे. पुढे ८० भागांत तो एक जुनाट मोटेल हळूहळू उभे करतो. २०२० मध्ये या मालिकेने विनोदी गटातील सातही प्रमुख एमी पुरस्कार पटकावले.

विंथॉर्प आणि रोझ हे दोघे मुळात फसवले गेलेले. मिशेलने मात्र गुन्हा स्वत: केलेला. त्यामुळे तिच्याकडून प्रेक्षकाची अपेक्षा अधिक. ज्यांचे नुकसान झाले त्यांचे काय, हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही. क्लेअरची माफी ती मागते, पण ती मैत्री तुटल्याबद्दल.

वास्तवात काय होते?

मिशेलला पाहून अनेकांना मार्था स्टुअर्ट आठवल्या. २००१ च्या अखेरीस एका औषध कंपनीचे शेअर वेळीच विकून त्यांनी सुमारे ४५ हजार डॉलरचे नुकसान टाळले होते. २००४ मध्ये त्या दोषी ठरल्या, पण तपासात अडथळा आणणे व खोटे बोलणे यासाठी. पाच महिने तुरुंगात काढून २००५ मध्ये त्या परतल्या आणि पुन्हा टीव्हीवर झळकल्या.

आपल्याकडे ‘सेबी’च्या कायद्यानुसार इनसायडर ट्रेडिंगला किमान १० लाख रुपये दंड आहे. कमाल दंड २५ कोटी किंवा झालेल्या नफ्याच्या तिप्पट, यापैकी जे जास्त असेल ते. फौजदारी खटल्यात दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा गुन्हा विनोदात खपून जातो, कारण त्यात बळी गेलेला माणूस डोळ्यांसमोर येत नाही. त्याच किमतीला, ती माहिती नसताना व्यवहार करून बसलेला छोटा गुंतवणूकदार पडद्यावर कधी दिसत नाही. ‘सी प्लस’ देणाऱ्या सगळ्यांच्या मनात तो होता, असे नाही. पण पडलेल्या माणसाने उठावे असे वाटण्यासाठी, आपण कुणाला पाडले हे त्याला कळलेले दिसावे लागते. ‘द बॉस’मध्ये ते दिसत नाही.