स्टेम सेल 'फॉरवर्ड' करता येतात, पण अटींसकट

लग्नातला एखादा फोटो पाच-सहा ग्रुप फिरून परत आपल्याकडे आला की कसा दिसतो, ते तुम्हाला माहीत आहेच. चेहरे पुसट, रंग विटलेले. कारण आपल्याला मिळते ती कॉपीच्या कॉपीची कॉपी. प्रयोगशाळा एकमेकांना स्टेम सेल कशा देतात हे वाचायला घेतलं, तेव्हा मला पहिल्यांदा हाच फोटो आठवला.

आधी थोडी ओळख. भ्रूणातल्या स्टेम सेलपासून, म्हणजे मूळ पेशींपासून, शरीरातली जवळपास कुठलीही पेशी तयार होऊ शकते. 1998 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून अशा पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या. एका भ्रूणापासून सुरू होऊन वाढतच राहणाऱ्या पेशींच्या या वंशाला 'सेल लाइन' म्हणतात. थॉमसन यांची एच-9 नावाची लाइन आजही जगभर वापरात आहे. वाढवा, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, कुरियरने पाठवा. मग अडतं कुठे?

पहिली अडचण फोटोचीच. पेशी विभागताना कधीकधी चूक होते. 2011 मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून 125 लाइन्स तपासल्या, तर बऱ्याच लाइन्समध्ये 20 व्या गुणसूत्राचा तोच एक तुकडा जादा निघाला. हा तुकडा असलेल्या पेशी जोमाने टिकतात आणि हळूहळू बाकीच्यांना मागे टाकतात. म्हणजे नाव तेच, माल वेगळा! म्हणून मित्राच्या लॅबमधून पेशी आणण्यापेक्षा सेल बँकेतून घेतलेल्या बऱ्या. ब्रिटनने 2003 च्या सुमारास अशी बँक उभी केली. तिथे सुरुवातीच्या पिढीच्या नळ्या तपासून 'मास्टर' म्हणून गोठवतात आणि वाटपाच्या नळ्या त्यातूनच तयार करतात. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं पेशीभांडारही देशभरातल्या संशोधकांना वेगवेगळ्या सेल लाइन्स पुरवतं.

दुसरी अडचण पैशांची. थॉमसन यांच्या लाइन्ससाठी सुरुवातीला विद्यापीठांतल्या संशोधकांनाही 5,000 डॉलर मोजावे लागायचे. 2005 मध्ये सरकारी मदतीने राष्ट्रीय बँक झाली आणि तो आकडा 500 वर आला.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो तिसऱ्या अडचणीने.

ऑगस्ट 2001 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी ठरवलं, की तोवर तयार असलेल्या लाइन्सवरच सरकारी पैशाने संशोधन होईल. कागदावर 70 हून जास्त लाइन्स होत्या, प्रत्यक्षात मिळू शकल्या साधारण 20. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना टाइप-1 मधुमेह आहे. त्यांनी खासगी निधी उभा केला, आयव्हीएफ उपचारांनंतर उरलेली आणि जोडप्यांनी दान केलेली भ्रूणं वापरली, आणि 2004 मध्ये 17 नव्या लाइन्स जाहीर केल्या. वर संशोधकांना फुकट वाटायला सुरुवात केली. वाटण्यात एवढा मोकळेपणा दुर्मीळच.

2009 मध्ये ओबामा सरकारने नियम बदलले. आता प्रत्येक लाइनसाठी दात्यांचं संमतीपत्र तपासलं जाणार होतं. हार्वर्डच्या 27 लाइन्सचे कागद तपासले, तर त्यात लिहिलं होतं, की भ्रूणं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तयार करण्याच्या कामी येतील. झालं! मंजुरी मिळाली, पण सरकारी पैशाने त्यांच्यावर त्याच कामाशी संबंधित संशोधन करायचं, एवढ्यापुरतीच. मेंदू किंवा हृदयाचा अभ्यास करायचा असेल तर दुसरी लाइन शोधा.

हे वाचून मी आधी वैतागलो. पेशी तयार, लॅब तयार आणि एका वाक्यासाठी काम अडवायचं? मग वाटलं, टॉर्चच्या ॲपने आपले कॉन्टॅक्ट वाचले तर आपण चिडतोच ना? परवानगी ज्यासाठी दिली, त्याच्यासाठीच. शिवाय दात्यांची नावं-गावं कागदातून काढून टाकलेली असली, तर पुन्हा विचारायला जाणार कुणाकडे? चूक दात्यांची नव्हतीच. फॉर्म लिहिताना पुढचा विचार झाला नव्हता. म्हणून आता फॉर्ममध्ये सुरुवातीलाच विचारतात: पेशी परदेशी पाठवल्या तर चालेल का, कंपनीने त्यातून पैसा कमावला तर, जनुकीय माहिती इतरांना दिली तर. भारतात आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा कामावर संस्थेच्या वेगळ्या समितीची नजर असावी लागते.

कुठली लाइन कुठून आली हे तुम्हालाही पाहता येतं. 'एचपीएससीरेग' ही युरोपातली नोंदवही इंटरनेटवर खुली आहे, फोनवरही उघडते. तिथे एच-9 चं नाव 'डब्ल्यूएई-009-ए' असं आहे. सुरुवातीची अक्षरं संस्थेची, आणि 'ई' म्हणजे पेशी भ्रूणातून आलेल्या. त्या जागी 'आय' दिसला, तर त्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींना पुन्हा मूळ रूपात नेऊन तयार केलेल्या.