ईसीजी नॉर्मल आल्यानंतर

छातीत धडधड, घशाला कोरड, हातापायांना मुंग्या. आता आपण जगत नाही असंच वाटतं. घरचे मध्यरात्री कॅज्युअल्टीत घेऊन जातात. ईसीजी नॉर्मल निघतो आणि ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून माणूस घरी परततो. खरं तर निदानाचं काम इथून सुरू व्हायला हवं.

असा झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. एखाददुसरा झटका म्हणजे आजार नव्हे. तो ध्यानीमनी नसताना पुन्हा पुन्हा येऊ लागला आणि ‘परत आला तर?’ या धास्तीनं महिनाभर किंवा अधिक काळ माणूस लोकलमध्ये चढेनासा झाला, तर पॅनिक डिसऑर्डरचा विचार होतो. सततच्या काळजीचा आजार (जीएडी) वेगळा. पैसा, मुलं, तब्येत, नोकरी, काळजीला विषय कुठलाही चालतो. अमेरिकी निकषांनुसार ती किमान सहा महिने, बहुतेक दिवस टिकावी लागते. सोबत अंग आखडणं, झोप उडणं, चिडचिड, थकवाही येतो.

हे दोन आजार पूर्वी ‘अँग्झायटी न्यूरोसिस’ या एकाच नावाखाली मोडत. अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांना १९६०च्या सुमारास दिसलं, की इमिप्रामिन हे औषध दिल्यावर झटके थांबतात, पण ते येतील ही भीती उरतेच. मग दोन्हींचं मूळ एक कसं? १९८०च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत त्यांची फारकत झाली.

रक्तात ‘चिंता’ दाखवणारी तपासणी नाही. थायरॉईड वाढलं तरी धडधड आणि हातांना कंप सुटतो, म्हणून टीएसएच तपासतात. चहा-कॉफी, दारू, चालू औषधं विचारतात. २००६ साली आलेली सात प्रश्नांची ‘जीएडी-७’ प्रश्नावली आज मोबाइलवरही भरता येते. २१ पैकी १० गुण आले की पुढची तपासणी करावी, असा संकेत. मूळ अभ्यासात या मर्यादेवर सततच्या काळजीचा आजार असलेल्या शंभरांतले ८९ जण सापडले, पण नसलेल्या शंभरांतल्या १८ जणांवरही शिक्का बसला. म्हणून केवळ गुण पाहून स्वतःला आजारी ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

डॉक्टरांना खरी मदत होते ती टाळलेल्या गोष्टींच्या यादीची: कुठलं लग्न चुकवलं, कुठली बढती नाकारली, कुठला रस्ता सोडला. ही यादी रुग्णापेक्षा घरच्यांना जास्त ठाऊक असते, तेव्हा रुग्णाची हरकत नसेल तर त्यांनी सोबत जावं. जवळ मनोविकारतज्ज्ञ नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.