पाय-चतुर्थांशाची श्रेढी आणि तिचा शेष

पदवीवर्गात संकलन आणि अनंत श्रेढी ही प्रकरणे निरनिराळी शिकविली जात असली, तरी ज्याला त्यांचे अंतःस्थ नाते पाहावयाचे असेल, त्याने १/(१+क्ष²) या फलाचे शून्यापासून एकपर्यंत संकलन अवश्य करून पाहावे. सरळ रीतीने उत्तर पाय-चतुर्थांश येते. तेच फल गुणोत्तर श्रेढीत विस्तारून पदशः संकलन केले, की १ − १/३ + १/५ − १/७ … ही श्रेढी हाती येते. परंतु क्ष एकास पोहोचताच मूळ विस्ताराचे अभिसरण नष्ट होते, सबब पदशः संकलनाचा परवाना तेथे बिनशर्त मिळत नाही. न पदांनंतरचा शेष १/(२न+१) हून अधिक नसतो, म्हणून तो शून्याकडे जातो, एवढे सिद्ध केल्यावरच ते समीकरण कायम होते, आणि माझ्या मते या विषयाचे खरे शिक्षण त्या शेषाच्या हिशेबातच आहे.

केरळातील संगमग्रामच्या माधवाकडे या श्रेढीचे श्रेय जाते. लायब्निट्स तिच्यापाशी सतराव्या शतकात पोहोचला. त्यापूर्वीच ज्येष्ठदेवाच्या 'युक्तिभाषा' या मलयाळम ग्रंथात तिची उपपत्ती सविस्तर दिलेली होती. श्रेढी अतिशय मंदगामी आहे: ५० पदांची बेरीज करून चौपट केली, तरी पायचे मूल्य ३.१२१६ च्या आसपासच राहते. मात्र त्या परंपरेने शेषाच्या जागी योजिलेले न/(४न²+१) हे संस्कारपद चौपट करण्यापूर्वी बेरजेत मिळविले, तर त्याच ५० पदांतून ३.१४१५९२६५ अशी आठ दशांशस्थळे बिनचूक उतरतात.