जात्याची घरघर टिपताना

मोबाइलवर आवाज टिपताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही, की फोन आवाज साठवण्याआधी तो निवडतो. समोरच्याचं बोलणं नीट कळावं म्हणून पंख्याची, इंजिनाची एकसारखी घरघर तो गोंगाट समजून दाबतो. कॉलसाठी हे उत्तमच. पण समोर जातं असेल, तर त्याचीही घरघर एकसारखीच असते. फोन नेमकी तीच खातो आणि ओवी जिच्या ठेक्यावर चालते, ती लयच फाइलमधून जाते. ध्वनिमुद्रण शिकणाऱ्यानं सॉफ्टवेअरची बटणं शोधण्याआधी गोंगाट कशाला म्हणायचं हे ठरवायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात तर हे शिकायला जात्यावरच्या ओव्यांचा फार मोठा वारसा हाताशी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातल्या आपल्या संशोधन केंद्राच्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावच्या १ लाख १० हजारांहून अधिक ओव्या लिहून काढल्या. त्यात कोळवडे, नांदगाव अशा मुळशीतल्या गावांच्या बायका आहेत. १९९०च्या दशकात फ्रेंच संगणकीय संगीततज्ज्ञ बर्नार्ड बेल या कामात आले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. कागदावर ओवीचे शब्द राहतात. गळ्याचा हेलकावा आणि ओळीच्या शेवटी घेतलेला श्वास मात्र आवाजातच राहतो.

दळणाऱ्या बाईचा आवाज टिपणं स्टुडिओतल्या गायिकेचा आवाज टिपण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. ती जमिनीवर बसते आणि खुंट्याच्या प्रत्येक फेऱ्यासोबत पुढे-मागे झुलते. माइक तोंडापासून २० सेंटिमीटरवर ठेवला आणि ती तेवढीच मागे गेली, की अंतर दुप्पट होतं आणि आवाज सुमारे ६ डेसिबलनं पडतो. तोच माइक ६० सेंटिमीटरवर असेल, तर तेवढ्याच झुलण्यानं फरक जेमतेम अडीच डेसिबलचा पडतो. म्हणजे इथे थोडं लांब राहणंच शहाणपणाचं. लांब गेल्यावर खोलीचा घुमारा वाढतो, म्हणून सिमेंटच्या रिकाम्या खोलीपेक्षा पोती, गोधड्या रचलेली खोली बरी. समोर दुसरी बाई ओवी झेलायला बसली असेल, तर माइक दोघींपासून सारख्याच अंतरावर हवा.

माइकचा स्टँड थेट जमिनीवर मात्र टेकवू नये. दगडाची थरथर जमिनीतून स्टँडमध्ये चढते आणि कानाला न जाणवणारी धडधड फाइलमध्ये उतरते. खाली दुमडलेली गोधडी घातली, की ती बरीच कमी होते. ८० हर्ट्झखालचं सगळं कापणारं बटणही असतं. बाईच्या आवाजाचा मूळ सूर साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असल्यानं त्याला धक्का लागत नाही, पण जात्याचा खर्ज त्यात जाऊ शकतो. म्हणून कापाकापी नंतर करावी, आणि तीही प्रतीवर.

आवाजाच्या पातळीबाबतही अशीच काळजी हवी. डिजिटल ध्वनिमुद्रणात शून्य डेसिबल म्हणजे छत. त्यावर गेलेला आवाज सपाट कापला जातो आणि मूळ रूपात परत मिळत नाही. सर्वांत चढा सूर उणे १२ च्या आसपास ठेवला, तर अचानक लागलेल्या उंच स्वरालाही जागा उरते. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, त्यामुळे हळू आवाजाचीही फार काळजी नको. आणि मुळशीतल्या पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली हा खटाटोप करूच नये.

१९९०च्या दशकात चांगलं ध्वनिमुद्रण डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेपवर होई. सोनीनं २००५मध्ये डॅट यंत्रं बनवणं थांबवलं. टेप शाबूत असली, तरी ती वाजवणारं यंत्र मिळणं दुर्मीळ झालं. ओव्यांचं हे भांडार संगणकावर उतरलं आणि ‘परी’ या ग्रामीण भारताच्या खुल्या संग्रहानं ते २०१७पासून इंटरनेटवर आणलं, म्हणून आज कुणालाही ऐकता येतं. सेकंदाला ४८ हजार नमुने, १६ बिट, दोन चॅनेल असा हिशेब धरला, तर १२० तासांचं, न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही रूपातलं ध्वनिमुद्रण सुमारे ८३ जीबी भरतं. नखाएवढ्या १२८ जीबीच्या कार्डात ते मावतं. तेव्हा जागा वाचवायला एमपी३ करण्यात अर्थ नाही. त्यात कानाला जाणवणार नाहीत असे वाटणारे तपशील कायमचे टाकून दिले जातात.

आजीची ओवी टिपणार असाल, तर अ‍ॅपमधली आवाज ‘साफ’ करणारी सोय आधी बंद करा. मग पहिल्याच मिनिटात आजीचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि तारीख तिच्याच तोंडून वदवून घ्या. फाइलचं नाव कुणी बदललं, तरी ही नोंद आवाजासोबतच फिरते.