मोटारगाडीतील प्रत्यावर्तकाची क्षमतावाढ

मोटारगाडीत आल्टरनेटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनित्राच्या (प्रत्यावर्तकाच्या) जागी अधिक प्रवाह देणारा प्रत्यावर्तक बसवून विद्युत् मंडलात त्यास अनुरूप फेरफार करण्याची क्रिया. क्रायस्लर कंपनीने १९६० सालच्या व्हॅलियंट गाडीत प्रत्यावर्तक बसविला. त्यानंतर डायनामोचा वापर मागे पडत गेला. रुग्णवाहिका, बिनतारी यंत्रणेच्या गाड्या, विजेवर चालणारी ओढयंत्रे इत्यादींसाठी मूळ प्रत्यावर्तक अपुरा पडतो.

कार्य : घूर्णकाच्या गुंडाळीतील अल्प क्षेत्र-प्रवाहामुळे निर्माण झालेले चुंबकीय क्षेत्र फिरू लागले म्हणजे स्थाणुकाच्या तीन गुंडाळ्यांत प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणारा) प्रवाह निर्माण होतो. सिलिकॉन डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात. नियामक क्षेत्र-प्रवाह कमीजास्त करून १२ व्होल्टच्या मंडलातील दाब सु. १४ व्होल्ट राखतो. दाब स्थिर असल्याने प्रवाहाचे मान जोडलेल्या भारावर अवलंबून असते. त्यामुळे मोठा प्रत्यावर्तक दिव्यांवर जादा प्रवाह लादतो, ही समजूत चुकीची आहे.

निवड : प्रत्यावर्तकावर दर्शविलेली क्षमता त्याच्या उच्च गतीची असते. उभ्या गाडीचे एंजिन मंद चालत असता मिळणारा प्रवाह तिच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. उभ्या रुग्णवाहिकेत उपकरणे चालू ठेवावयाची असल्यास हा मंद गतीचा आकडाच महत्त्वाचा ठरतो. लहान कप्पी बसविल्यास मंद गतीचा प्रवाह वाढतो; परंतु वेगात घूर्णक सुरक्षित मर्यादेपलीकडे फिरण्याचा धोका असतो.

मंडलातील फेरफार : तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदा., ०·००५ ओहम रोधाच्या तारेत १०० अँपिअर प्रवाहाने ५० वॉट, तर २०० अँपिअर प्रवाहाने २०० वॉट उष्णता निर्माण होते व १ व्होल्ट दाब वाया जातो. मूळ बारीक तार तशीच ठेवल्यास आग लागण्याचा संभव असतो. जुन्या काही गाड्यांत सर्व प्रवाह चालकासमोरील प्रवाहमापकातून जातो; तेथे हा धोका विशेष असतो. म्हणून जाड तार, एंजिन व सांगाडा यांना जोडणारी तितकीच जाड तार आणि विद्युत् घटमालेलगत वितळतार बसवितात. कारण तार घासून सांगाड्यास टेकल्यास घटमालेतूनच प्रचंड प्रवाह वाहतो.

यांत्रिक भार : १४ व्होल्ट दाबास २०० अँपिअर प्रवाह म्हणजे २,८०० वॉट शक्ती होय. कार्यक्षमता सु. ५५ ते ६० टक्के धरल्यास एंजिनावर सु. ५ किलोवॉट (जवळजवळ ७ अश्वशक्ती) भार पडतो. एकेरी व्ही-पट्टा अशा भाराखाली घसरतो. म्हणून अनेक खाचांचा रुंद पट्टा वापरतात. अनेक आधुनिक गाड्यांत नियामकाचे नियंत्रण एंजिनाच्या संगणकाकडे असल्याने नवा प्रत्यावर्तक त्याच्याशी जुळणारा असावा लागतो.

जोडणी पूर्ण झाल्यावर सर्व भार चालू ठेवून, एंजिन मंद गतीने चालत असता, घटमालेच्या अग्रांवरील दाब मोजतात. तो १३ व्होल्टच्या खाली उतरत गेल्यास भाराचा काही भाग घटमालेवर पडत आहे, असे समजावे.