सतराव्या वर्षीचं टायमिंग

सप्टेंबर 1962. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात, ईस्ट हायस्कूलच्या निवडचाचणीत पंधरा वर्षांचा जिम रायन मैलभर धावला. वेळ लागली 5 मिनिटं 38 सेकंद. आधीच्या शाळेत तर धावण्याच्या संघातही त्याला कुणी घेतलं नव्हतं. जून 1964 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनला त्याच मुलाने 3 मिनिटं 59 सेकंदांत मैल संपवला. शर्यतीत तो आठवा आला, पण चार मिनिटांच्या आत मैल धावणारा अमेरिकेतला पहिला शाळकरी मुलगा ठरला. पुढे कॅन्सस विद्यापीठात शिकताना, एकोणिसाव्या वर्षी, त्याने मैलाचा जागतिक विक्रमही मोडला.

रायन असामान्य होता आणि त्याच्यावरून नियम बांधता येत नाही. पण 1962 मध्ये नुसतं घड्याळ बघणाऱ्याला त्याच्यात काहीच दिसलं नसतं, हे मात्र खरं. आज कॉलेजच्या संघात जायचं स्वप्न बघणाऱ्या तिथल्या मुलामुलींचं सगळं लक्ष 1600 आणि 3200 मीटरच्या टायमिंगवर असतं, कारण कॉलेजचे प्रशिक्षक सर्वांत आधी तेच विचारतात. पैशाचा प्रश्न असतोच. वरच्या गटातल्या विद्यापीठांना मुलांच्या अख्ख्या ॲथलेटिक्स संघासाठी वर्षानुवर्षं जेमतेम 12.6 पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्यातच भालाफेकवाले, उंच उडीवाले, शंभर मीटरवाले. लांब पल्ल्याच्या मुलाच्या वाट्याला तुकडाच यायचा. अशा चढाओढीत सोळा-सतरा वर्षांची पोरं सेकंदासाठी जिवाचं रान करतात आणि शरीराची वाढ अजून सुरू आहे, हे सगळेच विसरतात.

लांब पल्ल्याचा धावपटू घडतो तो सावकाश. स्नायूंमधल्या बारीक केशवाहिन्यांचं जाळं दाट होणं, पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया वाढणं, त्याच वेगाला कमी ऑक्सिजन लागणं, ही वर्षांची कामं आहेत. सुरुवातीचा दम मात्र काही आठवड्यांत वाढतो. हाडाचं तसं नाही, आणि खरी अडचण इथेच आहे.

शाळेतली क्रॉस-कंट्री शर्यत साधारण 5 किलोमीटरची. कॉलेजच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलांना 10 किलोमीटर धावावं लागतं. साहजिकच पहिल्याच वर्षी आठवड्याचा सराव एकदम वाढतो. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी तिथला जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. पोखरणं आठवड्यांत उरकतं, पण भरून पक्कं व्हायला काही महिने जातात. मधल्या काळात नडगीचं हाड नेहमीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमका त्याच वेळी दम वाढलेला असल्याने मुलाला आणखी धावावंसं वाटतं. नडगीभर पसरलेली ठणक बऱ्याचदा विश्रांतीने शमते. पण एका बोटाने दाबल्यावर ठरावीक जागीच कळ आली, तर हाडाला चीर पडली असण्याची शक्यता असते. अशा वेळी ‘अंग मोकळं झालं की बरं वाटेल’ म्हणून धावत राहणं घातक.

मुलींच्या बाबतीत घड्याळ आणखी फसवं ठरतं. वयात येताना शरीराची ठेवण बदलते, पाळीतून लोह जातं आणि पुष्कळ मुलींचं टायमिंग वर्ष-दोन वर्षं अडकून राहतं, कधी मागेही जातं. हा वाढीचाच टप्पा आहे. त्यावर वजन उतरवण्याचा उपाय सांगणारा प्रशिक्षक त्या मुलीचं नुकसान करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रौढ वयातल्या हाडांमधल्या खनिजांपैकी सुमारे पाव हिस्सा उंची झपाट्याने वाढते त्या दोनेक वर्षांत जमा होतो. पोटाला कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं. तिच्याबरोबर इस्ट्रोजेन घटतं आणि हाडांचं संरक्षण जातं. न्यूयॉर्क राज्यातली मेरी केन 2013 मध्ये, सतराव्या वर्षी, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत 1500 मीटरच्या अंतिम फेरीत धावली. कॉलेजच्या संघाऐवजी तिने व्यावसायिक संघ निवडला. वजन कमी करण्याच्या तगाद्यात आपली पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली, असं तिने 2019 मध्ये जाहीरपणे सांगितलं. पाळी चुकणं म्हणजे सराव चांगला चालल्याची खूण, असं अजूनही काही ठिकाणी मानलं जातं. ती धोक्याची घंटा आहे.

उशिरा सुरुवात केली म्हणून वाट बंद होत नाही, याचा दाखला आपल्या बीड जिल्ह्यातच आहे. मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचिनला राहिला आणि स्पर्धात्मक धावण्याकडे वळला तो त्यानंतर. 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने 3000 मीटर स्टीपलचेस 8:09.91 अशा राष्ट्रीय विक्रमी वेळेत पूर्ण केली.

म्हणून कॉलेज निवडताना मुलांनी आपलं टायमिंग सांगावंच, पण प्रशिक्षकालाही काही विचारावं. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण चौथ्या वर्षी अजून धावत आहेत? रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण, वर्षातून किती वेळा तपासतात? पहिल्या वर्षी स्पर्धा न खेळता नुसता सराव करण्याची मुभा आहे का? तिथे याला ‘रेडशर्ट’ म्हणतात, आणि हाडांना हवे असलेले महिने त्यातून मिळू शकतात.