स्वतःचा जिल्हा असलेलं उपनगर

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी मुंबई महापालिकेच्या हद्दीत. तरी सरकारदरबारी त्यांचा वेगळा जिल्हा आहे. १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबई जिल्ह्याचं विभाजन होऊन मुंबई उपनगर जिल्हा झाला. मुख्यालय वांद्रे पूर्वेला. तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात मोडतात, हे तिथल्या कित्येक रहिवाशांनाही ठाऊक नसतं. इथे जिल्हा परिषद नाही. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ९३,५६,९६२.

मुळात हा भाग म्हणजे साष्टी बेट. १७३७मध्ये मराठ्यांनी ते पोर्तुगीजांकडून घेतलं, १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी बळकावलं.

खरे भूमिपुत्र मात्र इमारतींच्या पोटात दडले आहेत. वेसाव्याच्या कोळीवाड्यात आजही बांबूंच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळतात. मरोळच्या गावठाणातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरी मराठीचीच बोली बोलतात. उन्हाळ्यात कुटलेला त्यांचा मसाला बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून तो ‘बाटली मसाला’. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतलं. आरेच्या पाड्यांवर वारली आहेत. हे भूमिपुत्र टिकायचे तर गावठाण, कोळीवाडे, पाडे यांच्या सीमा नकाशावर नीट आखल्या जाणं, ही या जिल्ह्याची सर्वांत तातडीची गरज आहे.